महादेवीकाकूंचा एक्स्चेंजमध्ये गेलेला टीव्ही

अन्याय झाला तो महादेवीकाकूंवर. केजमधले भुसार मालाचे दुकानदार वैजनाथअप्पा, त्यांच्या या पत्नी. वय पंचावन्नच्या आसपास. वेळ गेल्या दिवाळीतली, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी अडीचची. काकू तेव्हा वडवणीला होत्या, भाचीच्या सुपारी फोडायच्या कार्यक्रमाला. घरी त्यांचा मुलगा मन्मथ होता. त्यानं दारात शोरूमचा टेम्पो बोलावला, आतल्या खोलीतला एकवीस इंची जुना टीव्ही दोन पोरांच्या हातानं उचलून दिला आणि भिंतीवर त्रेचाळीस इंची एलईडी लावून घेतला. आईला विचारलं नाही. आईला सरप्राइज द्यायचं होतं.

यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे कुणाला परत सांगायचे कष्ट नकोत.

मी त्याच शोरूमचा सर्व्हिस मेकॅनिक. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एका शोरूमचा नाही. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन बिघडलं की माझा फोन वाजतो. उरलेल्या वेळात आम्हा मेकॅनिक पोरांचा एक गट आहे, त्याची पत्रकं मी लिहितो आणि बाजारच्या दिवशी वाटतो. मागणी साधी आहे. वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर ती दुरुस्त करून मिळाली पाहिजे, आणि तिचे पार्ट बाजारात मिळाले पाहिजेत. लोक पत्रक घेतात आणि त्यात भजी गुंडाळून नेतात. कागद तरी वाया जात नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेटनं काउंटरवरूनच मला फोन लावला. मी दहा फुटांवर उभा होतो.

"अमोल, वैजनाथअप्पाच्या घरी जा. परवा लावलेला टीव्ही खराब हाय म्हणते मावशी."

"काल लावलाय, शेट. काय होतंय?"

"बंदूक लागत न्हाई म्हणती."

"कशाची बंदूक?"

"मला काय माहीत बे. जाऊन बघ. आन् वापस घ्यायची भाषा करू नको."

गेलो. खोलीच्या मधोमध काकू उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात नारिंगी प्लास्टिकची बंदूक. बंदुकीची वायर खाली एका करड्या डब्यात गेली होती. पलंगावर त्यांच्या थोरल्या जाऊ, पार्वतीअक्का, सुपारी कातरत बसल्या होत्या. मन्मथ दारात, चेहऱ्यावर सरप्राइज फसल्याची कळा.

ज्यांनी तो डबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे त्याला टीव्ही गेम म्हणायचे. टीव्हीला जोडायचा डबा, खेळायला दोन रिमोट, एक बंदूक आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटच्या आत सर्किटची एक पट्टी असते, गेम त्या पट्टीवर. मन्मथ शाळेत असताना अप्पांनी तो बीडहून आणला होता. मन्मथचा जीव त्यातून वर्षभरात उठला. काकूंचा बसला तो बसलाच.

काकूंच्या कॅसेटी फरसाणच्या पत्र्याच्या डब्यात, खाली मऊ फडकं घालून ठेवलेल्या असतात. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि त्यावर काकूंच्या अक्षरात नाव. बदकं. रणगाडे. विटा. फटफटी. मूळ नावं इंग्रजीत होती, ती काकूंना पसंत नव्हती. लहानपणी आपण सगळे कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायचो. त्यानं थुंकी आत जाते आणि पट्टीच्या टोकाला असलेल्या पितळी दातांना गंज चढतो. काकूंच्या घरात फुंकर मारायला बंदी आहे. त्या खोडरबर घेऊन दात पुसतात. म्हणून त्यांच्या कॅसेटी अजून पहिल्या झटक्यात लागतात.

मन्मथनं त्यांना मोबाइलवरचे गेम दाखवले होते. काकूंनी ते खेळून पाहिले आणि फोन परत दिला. त्यांची तक्रार अशी की त्यात हरता येत नाही. मेलं की जाहिरात बघा, लगेच दुसरा जीव. मला त्या म्हणाल्या, "ह्याच्यात तीन गोळ्या. तीन गेल्या की बदक गेलं. जाहिरात बघून ते वापस येत न्हाई." रणगाड्यांच्या गेममध्ये शेवटच्या पातळीच्या आधी विटांची कुठली भिंत फोडायची नाही, फटफटीच्या गेममध्ये कुठल्या चढाला इंजिन तापतं, हे त्या बोलता बोलता सांगतात, आपण मिरची कुठल्या गावची तिखट ते सांगतो तसं. पण सगळ्यांत आवडता बदकांचाच. तो बंदुकीचा.

आणि तो एकटीनं खेळायचा नसतो. दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर खाली असतं, अप्पा झोपतात. त्या वेळात दोघी जावा बदकं मारतात. हरली तिनं चहा करायचा. कैक वर्षं हेच चाललंय. आता पार्वतीअक्का भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याला मुलाकडे निघणार होत्या, कायमच्या राहायला. काकू वडवणीला जायच्या आदल्या दुपारी जो डाव झाला, तो अक्कांनी जिंकला होता. काकूंना वाटलं होतं, वडवणीहून आल्यावर अजून चार-पाच डाव होतील. आल्या तर बदक पडेना. म्हणजे अक्का जाणार, आणि शेवटचा निकाल कायमचा तोच राहणार.

अक्कांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बंदुकीला कावून बोल लावती देवी? नेम गेला आसंल. वय झालं तुजं."

काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. बंदूक माझ्या हातात दिली. "तुमी बघा. मग सांगा काय गेलंय ते."

मी बघितलं. घोडा दाबला, पडदा लुकलुकला, बदक आपलं उडत राहिलं. पुढं गेलो, बंदुकीची नळी काचेला टेकवली, बदकाच्या पोटावर. घोडा दाबला. बदक उडून गेलं. इतका वाईट नेम कुणाचाच नसतो.

नियम म्हणून मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी गेम कोणत्या ॲपवर आहे ते विचारलं. ॲप नाही, बंदूक आहे, म्हणालो. त्यांनी टीव्ही बंद करून चालू करायला सांगितला. केला. त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट करायला सांगितलं. केलं. मग त्यांनी माझ्या समस्येबद्दल खेद व्यक्त केला आणि मी त्यांना किती स्टार देईन ते विचारलं.

आता यातली भानगड सांगतो, अवघड नाही. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. ती मारत नाही, बघते. नळीच्या आत एक डोळा आहे, त्याला फक्त उजेड कळतो. घोडा दाबला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि बदक असेल तेवढाच चौकोन पांढरा करतो. डोळ्याला उजेड दिसला तर नेम बरोबर, अंधार दिसला तर चूक. जुन्या टीव्हीत, म्हणजे मागं मोठं पोट असलेल्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत, डब्यानं पाठवलेलं चित्र त्याच क्षणी काचेवर उमटतं. नवा टीव्ही तसं करत नाही. तो आलेलं चित्र आधी आत घेतो, मोठं करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. आपल्या डोळ्यांना तो उशीर कळत नाही. बंदुकीला कळतो. पांढरा चौकोन येईपर्यंत तिचं बघून झालेलं असतं.

हे सगळं मी सांगितलं. मन्मथ म्हणाला, "म्हणजे टीव्हीत डिफेक्ट हाय का बंदुकीत?"

"दोन्ही चांगले आहेत."

"मग पंचावन्न इंची घेऊ का?"

"शंभर इंची घ्या. बदक पडणार नाही."

अक्कांची सुपारी थांबली होती. काकू म्हणाल्या, "म्हंजे नेम माझा न्हाई चुकला."

"नाही काकू."

"अक्का, आयकलं का?"

अक्कांना त्या वेळी कमी ऐकू येत होतं.

मग काकूंनी विचारलं, "माझा टीव्ही कुठं हाय आता?" मी म्हणालो, गोडाऊनला. त्यांनी विचारलं, "जित्ता हाय?" मी बॅग आवरायला घेतली. गोडाऊनला काय होतं ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असावं, म्हणून लिहितो.

एक्स्चेंज ऑफरमध्ये तुमची जुनी वस्तू कुणालाही नको असते. जी सूट तुम्हाला जुन्या टीव्हीपोटी मिळाली वाटते, ती नव्याच्या किमतीत आधीच धरलेली असते. पण वस्तू घेतल्याशिवाय ऑफर होत नाही, म्हणून वस्तू घ्यायची. घेतली की ती कुणी परस्पर विकू नये म्हणून तिला मारायचं. मारायचं म्हणजे पाठीमागची वायर कापायची, कापलेल्या वायरीचा फोटो काढायचा आणि कंपनीच्या ॲपवर टाकायचा. ॲपवर हिरवी खूण येते, स्क्रॅप झाल्याची. टीव्हीच्या आत काहीही झालेलं नसतं. चालता टीव्ही, नुसती शेपटी तोडलेली. यानंतर मात्र खरं मरण असतं. पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते. ती काढायची तर मान मोडावी लागते. आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे. तांबं गोडाऊनवाल्या दगडूभाऊचं, उरलेला सांगाडा भंगारवाल्याचा. माझ्या पत्रकात हा मजकूर एकदा छापला होता. त्यातही भजी गेली.

काकू म्हणाल्या, चला. मी गाडीवरून शोरूमला पोचेपर्यंत त्या मन्मथच्या मागं बसून माझ्या आधी पोचल्या होत्या. शेट गर्दीत एका गिऱ्हाइकाला फ्रिजचं दार उघडून दाखवत होते. काकू त्या दाराच्या आणि शेटच्या मधे उभ्या राहिल्या. त्यांनी सरळ मांडलं, जुना टीव्ही द्या, नवीन घेऊन जा. शेटनं आवाज मऊ केला.

"मावशी, एक्स्चेंज झालं की तो माल कंपनीचा होतो. आमच्या हातात न्हाई राहत."

"कंपनी काय करती त्याचं?"

"भंगारात टाकती."

"म्हंजे तुमाला नको, कंपनीला नको. मला पायजे. मग आडलं कुठं?"

"मावशी, तो मेलाय. फोटोपण गेला वर."

मी म्हणालो, "शेट, वायर कापलीय फक्त."

"तू गप बस बे. कामाला हायेस का पत्रकं वाटायला?"

फ्रिजवालं गिऱ्हाईक आमच्याकडे बघायला लागलं, तसं शेटनं बोलणं आवरतं घेतलं. परवा लक्ष्मीपूजन, त्याआधी गोडाऊन रिकामं करायचंय, उद्या सकाळीच भंगारचा टेम्पो येणार, मग काही इलाज नाही, असं ते म्हणाले. त्यांना वाटलं, विषय संपवला. काकूंना मात्र टेम्पोची वेळ कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोडाऊनला पोचलो तर काकू शटरसमोर पायरीवर बसलेल्या. शेजारी कापडी पिशवी, पिशवीतून बंदुकीची नळी बाहेर आलेली. मन्मथ दुकानाचा छोटा टेम्पो घेऊन उभा. जाणारे-येणारे बंदुकीकडे बघत होते, पण वैजनाथअप्पांच्या मंडळींना विचारणार कोण. दगडूभाऊनं शटर वर केलं. त्याला काकूंनी सांगितलं की टीव्ही बघायचाय. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बघू दे, बघायला कंपनीची मनाई नाही.

आत भिंतीला लागून टीव्हीच टीव्ही, एकावर एक, सगळ्यांच्या शेपट्या तोडलेल्या. काकूंना त्यांचा शोधायला वेळ लागला नाही. दाराजवळच होता. वरच्या बाजूला विभूतीचे तीन पट्टे होते. खंडेनवमीला त्यांच्याकडे दुकानातल्या काट्यापासून सगळ्याला विभूती लागते, टीव्हीला आणि बंदुकीलाही. बंदूक तर हत्यारच, काकूंच्या मते.

मी मागून टॉर्च मारली. मान मोडलेली होती. दाराजवळ होता म्हणून दगडूभाऊच्या हाताला पहिला लागला.

काकूंनी विभूतीच्या पट्ट्यांवर हात ठेवला. मन्मथ खाली बघायला लागला. दगडूभाऊ म्हणाला, "मला काय माहीत, वैनी, ह्यो तुमचा हाय ते." खरंच माहीत नव्हतं त्याला. काकूंनी हाताला लागलेली विभूती कपाळाला लावली. मग म्हणाल्या, "दुसरा दाखवा."

त्यानंतर जे झालं तसं काम मी नोकरीत कधी केलं नव्हतं. एकेक टीव्ही खाली काढायचा. मी बॅगेतली दोन पिनांची वायर त्याच्या तुटक्या टोकाला जोडायचो, टेप मारायचो, गोडाऊनच्या बोर्डात घालायचो. मग काकूंचा डबा लावायचा आणि काकू पाच पावलं मागं जाऊन नेम धरायच्या. पहिला टीव्ही बोललाच नाही. दुसऱ्यात चित्र आलं, पण कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग. कुणी तरी स्पीकर जवळ ठेवला असणार. लोहचुंबकानं असं होतं, ते मला काढता येतं. काकूंनी त्यावर एक बदक पाडलं आणि मान हलवली, नको. बदक डागात शिरलं की दिसत न्हाई म्हणाल्या. तिसऱ्यात आवाज होता, चित्र नव्हतं. चौथ्यात आभाळ निळं आलं, गवत हिरवं आलं. काकूंनी घोडा दाबला. बदक पडलं. दुसरं सोडलं. तेही पडलं. तिसरं गवतातून निघायच्या आधीच पडलं.

दगडूभाऊ त्या टीव्हीकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "ह्याचा फोटो मीच काढलाय. मेला म्हणून."

"वायरीचा काढलास."

"आन् बाकीचे?"

मी डब्याची वायर काढायला लागलो. तो उरलेल्या ढिगाकडे बघत उभा राहिला. त्याच्या हातात मान मोडायचा हातोडा होता, तो त्यानं खिडकीत ठेवून दिला.

तेवढ्यात भंगारवाले बशीरचाचा टेम्पो घेऊन आले. काकूंनी त्यांना सांगितलं की हा एक टीव्ही मी नेणार. चाचांची ना नव्हती, अडचण होती. त्यांचं शेटशी वजनावर ठरलेलं असतं. "बाई, तुम्ही न्या, मला काय," ते म्हणाले, "पण शेटनं वजन लिहून दिलंय. कमी भरलं तर म्हणल, बशीरनं रस्त्यात खाल्ला. मला वजन पाहिजे. टीव्ही नको."

काकू भुसाराच्या घरातल्या. वजनाचं बोलणं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी विचारलं, लोखंड चालेल का. चाचा म्हणाले, लोखंड तर टीव्हीपेक्षा चांगलं. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून अप्पांची जुनी लोखंडी मापं पोत्याखाली पडून होती. वीस किलोचं, दहाचं, पाचचं, बारकी वेगळी.

मन्मथ लगेच टेम्पोकडे निघाला. "आणतो मी. कोपऱ्यात धूळ खात पडलीत, कुणी वापरत न्हाई."

काकू म्हणाल्या, "थांब."

"काय झालं?"

"अप्पाला विचारलं का?"

"आई, अप्पाला काय करायचीत ती मापं? उगं झोपेतून उठवायचं."

"मन्मथ, परवा माझा टीव्ही उचलताना तू आसंच म्हणलास ना? कोपऱ्यात पडलाय, धूळ खातोय?"

मन्मथ टेम्पोजवळून मागं आला. काकूंनी त्यालाच फोन लावायला लावला आणि स्पीकरवर ठेवायला सांगितला. चाचा, दगडूभाऊ, मी, सगळे फोनभोवती उभे. अप्पांनी उचलला. काकूंनी सांगितलं, जुनी मापं पाहिजेत, टीव्हीच्या बदल्यात. अप्पांनी विचारलं, "तो बंदुकीचा?" काकू हो म्हणाल्या. पलीकडे अप्पा एकेक माप पुटपुटत मोजायला लागले. 

मग अप्पा म्हणाले, "वीसचं न्या. बारकी न्या. पाचचं राहू द्या. ते बापाच्या हातचं हाय माझ्या, त्याच्यावर त्यांनी हरभरा मोजलाय."

"दहाचं?"

"दहाचं लागलं तरच न्या."

फोन ठेवल्यावर मन्मथ म्हणाला की पाचच्याबद्दल त्याला माहीतच नव्हतं. दुकानात लहानाचा मोठा झालेला पोरगा. विचारलं नसतं तर त्यानं सगळं पोतं उचलून आणलं असतं, पाचच्यासकट. तेही प्रेमानंच.

दहाचं लागलं नाही. टीव्ही काट्यावर ठेवला तेव्हा काकूंनी आधी काटा शून्यावर आणायला लावला, मग टीव्ही ठेवू दिला, मग तो उतरवून लोखंड ठेवलं. वीसचं आणि वर दोन बारकी. चाचा म्हणाले की इतक्या वर्षांत असं चोख भंगार त्यांनी घेतलं नव्हतं.

टीव्ही मन्मथच्या टेम्पोत चढत असतानाच शेट आले. पूजेच्या आधी गोडाऊन बघायला आले होते. जे दिसलं ते बघून त्यांनी आधी दगडूभाऊला झापलं, मग मला. वजन बरोबर आहे म्हटल्यावर अर्धे शांत झाले. मग त्यांची खरी काळजी बाहेर आली, कंपनीला काय सांगायचं.

"कंपनीला फोटो गेलाय शेट," मी म्हणालो. "तिच्या लेखी हा टीव्ही गेला. गेलेल्याची चौकशी कंपनी करत नाही."

शेटनं यावर विचार केला. त्यात चूक काढायला जागा नव्हती. मग ते काकूंकडे वळले आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "मावशी, एवढं करा, कुणाला सांगू नका. न्हाईतर उद्या सगळं गाव दारात. सगळेच म्हणतील, आमचा चालूच होता."

काकूंनी कुणाला न सांगायचं कबूल केलं. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत, त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. माझ्याकडून शेटनं काही कबूल करून घेतलं नाही. दिवाळीनंतर गोडाऊनची किल्ली मात्र माझ्याकडून परत घेतली.

नवा एलईडी बाहेरच्या खोलीत गेला, अप्पा त्यावर बातम्या बघतात. भाऊबीजेच्या दुपारी मी टीव्हीची वायर पक्की करून द्यायला गेलो होतो. जेवणं झालेली, शटर खाली, अप्पा झोपलेले. अक्कांचं सामान दारात बांधून ठेवलेलं. काकूंनी बंदूक पदरानं पुसून अक्कांच्या हातात दिली. "तुमी आधी."

अक्कांनी चष्मा काढला. बदकं मारताना त्या चष्मा काढतात, का ते विचारू नका. पहिल्या फेरीत अक्का पुढं. दुसरीत काकूंनी गाठलं. अक्कांनी टीव्हीचा आवाज वेगळा आहे अशी तक्रार केली, काकूंनी आवाज बंद केला. मग टीव्ही अंमळ उंच आहे म्हणाल्या. मन्मथनं खालची वीट काढली. शेवटच्या फेरीत दोघी बरोबरीत आल्या, अक्कांनी त्यांचं शेवटचं बदक पाडलं आणि काकूंच्या वाट्याचं शेवटचं बदक राहिलं. एक गोळी गेली. दुसरी गेली. तिसरीला काकूंनी घाई केली. बदक वर निघून गेलं.

अक्का जिंकल्या. पुन्हा. काकूंनी बंदूक डब्यावर ठेवली.

"घाई केली मी," त्या म्हणाल्या. "टीव्हीचा काई दोष न्हाई. आता बराबर हाय."

आणि चहा टाकायला गेल्या.

चहा पिताना अक्कांनी मला विचारलं, पुण्याला असला डबा टीव्ही मिळंल का. मी म्हणालो, तिथं लोक जिन्याखाली ठेवून देतात, सोसायटीत विचारा. अक्कांनी बशी खाली ठेवली. "देवी, त्या फरसाणच्या डब्यात तू जादाची आणून ठेवलेली दुसरी बंदूक हाय ना गं?"

"हाय."

"मग दे की मला."

"न्हाई देत," काकू म्हणाल्या. "बदकं मारायचीत तर इकडं यायचं."

अक्का हसल्या नाहीत. बरं, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेल्या. संक्रांतीला येणार म्हणून सांगून गेल्या.

माझ्या धंद्यातला धडा असा आहे. बिघडलेली वस्तू ओळखायला मीटर असतं. नको झालेली वस्तू ओळखायला मीटर नाही, त्यासाठी माणसाला तोंडानं विचारावं लागतं. हे काम कंपनीचं ॲप करत नाही, शेट करत नाही, टेम्पोची पोरं करत नाहीत. ते घरच्यांनीच करायचं आहे, आणि घरचेच करत नाहीत. म्हणून हे पत्रक तुमच्यासाठी.

या सणाला तुमच्याही दारात एक्स्चेंजचा टेम्पो येईल. घरातली शिलाई मशीन असेल, रेडिओ असेल, मिक्सर असेल, कोपऱ्यातला टीव्ही असेल. ती वस्तू दुपारी दोन ते चार कोण वापरतं ते तुम्हाला माहीत नाही, कारण त्या वेळी तुम्ही दुकानात, ऑफिसात नाहीतर झोपेत असता. तेव्हा टेम्पोवाल्याला उंबऱ्याबाहेर थांबवा. आत जा. आईला विचारा, बापाला विचारा, बायकोला विचारा. "नको" असं उत्तर आलं तर टेम्पो रिकामा परत पाठवा. आणि "द्या" असं आलं, तरी वायर कापू देऊ नका. आधी तुमच्या डोळ्यांसमोर प्लगमध्ये लावून बघा. चालू असेल, तर ज्याला हवी आहे तो माणूस शोधा आणि त्याच्या घरी नेऊन द्या.